तिसऱ्या घंटेआधीची शाळा : पुरुषोत्तम करंडकाची वाटचाल

पुरुषोत्तम करंडक ही लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय या तीन गोष्टींची स्पर्धा. नेपथ्य, दिवे, संगीत ज्याला लागेल तेवढे त्याने वापरावे. त्यांच्या जोरावर करंडक मात्र घरी नेता येत नाही. संस्थेचा इतिहास लिहिताना आधी संस्थापकांची नावे येतात, मग स्थापनेचे वर्ष, मग वास्तू. ते सगळे पुढे येईलच. पण मला सुरुवात या दंडकापासून करावीशी वाटली. साठ वर्षे महाविद्यालयीन मुलामुलींना या स्पर्धेने जे दिले, त्याचे मूळ इथे आहे. एका महाविद्यालयाकडे पैसा असतो, दुसऱ्याकडे नसतो. एका संघाकडे कुणाच्या तरी ओळखीने दिव्यांचा संच येतो, दुसरा संघ वर्गातली बाके उचलून आणतो. आवाज, शरीर आणि चार माणसांना समोर बसवून गोष्ट सांगण्याची ओढ मात्र सगळ्यांजवळ असते. चुरस तेवढ्यावरच लावायची असे ज्यांनी ठरवले, त्यांना विद्यार्थी कळले होते.

स्पर्धा घेणारी संस्था पुण्याची ‘महाराष्ट्रीय कलोपासक’. पुरुषोत्तम रामचंद्र तथा अप्पासाहेब वझे हे या संस्थेचे आधारस्तंभ. त्यांच्या स्मरणार्थ १९६३ साली आंतरमहाविद्यालयीन मराठी एकांकिका स्पर्धा सुरू झाली आणि करंडकाला त्यांचे नाव मिळाले. पुढे ‘करंडक’ हा शब्दही गळून पडला. पुण्यातली मुले एकमेकांना एवढेच विचारतात, “यंदा पुरुषोत्तमला काय करताय?” ज्या माणसाला यांतल्या कुणीही पाहिलेले नाही, त्याचे नाव दर पावसाळ्यात हजारो तोंडी असते. स्मारकाचा यापेक्षा चांगला प्रकार मला ठाऊक नाही.

ते दिवस आठवावेत. पानशेतच्या पुराला, म्हणजे १२ जुलै १९६१ला, जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि पुणे अजून स्वतःला सावरत होते. सरकारची राज्य नाट्यस्पर्धा १९५४पासून सुरू होती आणि हौशी नाटकमंडळींना तिने मोठे अंगण मिळवून दिले होते. भालबा केळकरांची ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’, म्हणजे सगळ्यांची पीडीए, १९५१पासून काम करत होती. मुंबईत १९६०मध्ये विजया मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रंगायन’ उभी केली होती. विजय तेंडुलकरांच्या एकांकिका तरुणांच्या हाती पडू लागल्या होत्या. महाविद्यालयांत मात्र नाटक म्हणजे स्नेहसंमेलन. गाजलेल्या नाटकाचा एखादा अंक, भाड्याचे पोशाख, पहिल्या रांगेत प्राचार्य, आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरून परीक्षेचा अभ्यास. एकांकिका स्पर्धेने हा एका रात्रीचा सण मोडला आणि त्या जागी दोन-तीन महिन्यांचे काम आणले. माझ्या मते १९६३ची खरी घटना ही आहे.

स्पर्धेला घर मिळाले ते सदाशिव पेठेतले भरत नाट्य मंदिर. हा योगही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘भरत’ची मूळ संस्था १८९४ साली सुरू झाली तेव्हा तिचे नाव होते ‘स्टुडंट्स सोशल क्लब’. म्हणजे त्या रंगमंचाची वंशावळच विद्यार्थ्यांपासून सुरू होते. पुढे तिथे संगीत नाटके झाली, मोठमोठे नट आले, पण श्रावण-भाद्रपदात ती वास्तू पुन्हा विद्यार्थ्यांच्या ताब्यात जाते. बाहेर पावसाची झड, पायऱ्यांवर ओल्या चपलांचा ढीग, आत कोंदटलेल्या गर्दीतून उठणारी आरोळी, “अरे आव्वाज कुणाचा!” आणि तिला त्या-त्या महाविद्यालयाचे उत्तर. पडदा उघडला की हीच आरोळी ठोकणारी मुले चिडीचूप होतात. समोरच्याचा प्रयोग कसा पाहायचा हे त्यांना कुणी वर्गात शिकवलेले नसते, तिथे बसून बसूनच ते अंगी येते.

या शिस्तीचे श्रेय ज्यांना द्यायला हवे त्यांत राजाभाऊ नातू यांचे नाव पहिले. स्पर्धेची घडी त्यांनी बसवली आणि अनेक वर्षे राखली. घडी म्हणजे काय, तर वेळ. ठरल्या मिनिटाला पडदा वर जाणार आणि एकांकिका दिलेल्या वेळेत संपणार. संघातला प्रत्येक जण त्या महाविद्यालयाचा विद्यार्थीच असणार. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र हवे म्हणजे हवे. ऐकायला हे कारकुनी वाटते. पण एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा अर्ज भरणारा, प्राचार्यांची सही मिळवणारा, संहितेच्या प्रती काढून मंडळाकडे पाठवणारा आणि तारखांचा हिशेब ठेवणारा मुलगा नाटकाचा अर्धा व्यवहार तिथेच शिकतो. नाट्यशिक्षणाच्या अभ्यासक्रमात ‘रंगव्यवस्थापन’ नावाचा विषय असतो. आमच्याकडे तो कलोपासकच्या टेबलासमोर रांगेत उभे राहून शिकला जायचा.

आता तालमीविषयी. इतिहासकार निकालांच्या याद्या देतात, पण निकाल ही या शाळेतली सगळ्यात लहान गोष्ट आहे. स्पर्धेच्या तारखा ठरवायला लॉट्स पडतात, तोवर बहुतेक संघांच्या तालमी सुरू झालेल्या असतात. संध्याकाळी वर्ग सुटले की बाके भिंतीला लागतात. खडूने रंगमंचाचा चौकोन आखला जातो. विंगा म्हणजे दोन खुर्च्या. पहिले आठ-दहा दिवस नुसते वाचन, मग हालचाली, मग पाठांतर, मग पुन्हा सगळे मोडून नव्याने. शिकवणारे कोण? गेल्या वर्षी, त्याच्या आधल्या वर्षी ज्यांनी काम केले ते. शिक्षण संपवून नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी कामावरून परस्पर तालमीला येतात, जिन्यात बसून डबा खातात आणि रात्री उशिरापर्यंत ‘बसवतात’. ‘एकांकिका बसवणे’ हा आपला शब्द मला फार आवडतो. मूर्ती बसवावी, घडी बसवावी, आवाज बसवावा, तशी एकांकिका बसते. हे सगळे बिनमोबदला चालते. जो आज शिकतो तो दोन वर्षांनी शिकवतो. अनेक महाविद्यालयांत ही साखळी चाळीस-पन्नास वर्षे तुटलेली नाही. फर्ग्युसन, सर परशुरामभाऊ, बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय, अभियांत्रिकी महाविद्यालय, बी. जे. वैद्यकीय, गरवारे, मॉडर्न ही नावे पुणेकराला शिक्षणसंस्था म्हणून जेवढी ठाऊक आहेत, तेवढीच पुरुषोत्तमचे संघ म्हणूनही.

इथे थोडे स्वतःविषयी लिहिते. त्याशिवाय या स्पर्धेकडे मी कुठून पाहते ते कळणार नाही.

मी तुकईथडची. आता ते मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे. मी लहान होते तेव्हा बुऱ्हाणपूर हा वेगळा जिल्हा नव्हता, तो २००३ साली झाला. आमचा जिल्हा पूर्व निमाड, ठाणे खंडवा. खंडव्याहून अकोल्याकडे जाणारी मीटरगेज गाडी आमच्या स्टेशनावर थांबायची आणि पुढे धुळघाटाच्या वळणांत शिरायची. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात निमाडी, आणि आठवड्याच्या हाटाला मेळघाटाकडून उतरणाऱ्या कोरकू बायांची कोरकू. नाटक म्हणून जे मी पहिल्यांदा पाहिले ते कोरकूंचे खंब स्वांग. मेघनादाच्या नावाने खांब रोवतात आणि त्याच्याभोवती गावातलीच माणसे सोंगे काढतात, नक्कल करतात, हसवतात. पडदा नाही, विंग नाही. खांब हाच रंगमंच. हे नाटक आहे असे मला त्या वेळी कुणी सांगितले नव्हते.

बारावीनंतर पुण्याला मावशीकडे राहून शिकायचे ठरले. खंडव्याला मोठ्या गाडीत बसले, भुसावळ-मनमाड करत पुण्याला उतरले. महाविद्यालयाचे नाव इथे देत नाही. पहिल्या वर्षी पुरुषोत्तमच्या निवडीला गेले आणि हातात दिलेले पान वाचले. तीन-चार वाक्यांतच हशा पिकला. मी ‘डोळे’ला ‘डोये’ म्हणाले होते, ‘पाणी’ला ‘पानी’. आमच्याकडे खानदेशापासून वऱ्हाडापर्यंत ळचा य होतो आणि ण मऊ पडतो. त्यात माझी शाळा हिंदी, म्हणजे ळ कानावरही कमीच पडलेला. तो हशा अनेक दिवस माझ्या कानांत राहिला.

पण निवड झाली. तीन वाक्यांची मोलकरीण. एकांकिका बसवणारा आमचा माजी विद्यार्थी त्या रात्री सगळे गेल्यावर म्हणाला, “ळ शिकून घे. जीभ मागे वळव, टाळूला लाव आणि सोड. पण ‘डोये’ विसरू नकोस. उद्या तुला तशा बाईचं काम करायचं असेल तर ते कुणीही शिकवू शकणार नाही.” मावशीच्या स्वयंपाकघरात भाकरी थापताना मी काळ, फळ, केळ, मूळ घोकत असे. मावशी पिठाच्या हाताने माझी हनुवटी धरून जीभ कुठे जाते ते बघायची. तीन आठवड्यांनी ळ आला. आमचा संघ अंतिम फेरीला गेला नाही. नावे वाचली जात होती तेव्हा आमचे नाव येणार नाही हे आम्हांला आधीच कळले होते, तरी शेवटच्या नावापर्यंत आम्ही श्वास धरून उभे होतो.

पुरुषोत्तमच्या पारितोषिकांत आवाजाला आणि उच्चाराला, वाचिक अभिनयाला, स्वतंत्र मान आहे, याचा अर्थ मला त्या तीन आठवड्यांत उमगला. दिवे काढून घेतले की बोलणे उरते. आणि बोलणे म्हणजे शुद्ध पुणेरी बोलणे नव्हे. वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचणे, वाक्याखालचा अर्थ पोचणे, आणि ज्या माणसाचे ते वाक्य आहे त्याच्या गावासकट पोचणे. पुढच्या काळात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी बोलणारी पात्रे पुरुषोत्तमच्या मंचावर विनोदासाठी न येता पूर्ण माणसे म्हणून येऊ लागली. त्या बदलाचा मला किती आनंद झाला हे शब्दांत सांगणे कठीण आहे.

आता या शाळेतून बाहेर पडलेल्यांकडे येऊ. नेहमीची पद्धत म्हणजे पडद्यावर झळकलेल्या चेहऱ्यांची यादी द्यायची. ती यादी मोठी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे. सोनाली कुलकर्णी, मुक्ता बर्वे, अमेय वाघ अशी नावे कुणीही घेईल. माझ्या नजरेत भरतात ती मात्र वेगळी माणसे. महाविद्यालयीन एकांकिकांच्या या वातावरणात घडून ज्यांनी पुढे दुसऱ्यांसाठी शिकण्याच्या जागा उभ्या केल्या, ती.

बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे दोन विद्यार्थी घ्या, जब्बार पटेल आणि मोहन आगाशे. एक पुढे बालरोगतज्ज्ञ झाला, दुसरा मानसोपचारतज्ज्ञ. १६ डिसेंबर १९७२ रोजी तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला तो याच भरत नाट्य मंदिरात, पीडीएतर्फे. दिग्दर्शक जब्बार पटेल, नाना फडणवीस मोहन आगाशे. वादळ उठले, संस्थेने प्रयोग थांबवले आणि या तरुणांनी बाहेर पडून २७ मार्च १९७३ रोजी ‘थिएटर अकॅडमी’ काढली. तिने नंतर नाटककारांसाठी कार्यशाळा घेतल्या आणि गावोगावच्या नाट्यसंस्थांना हात दिला. त्याच वर्तुळातले सतीश आळेकर. जीवरसायनशास्त्राचा अभ्यास केलेला हा नाटककार १९९६ ते २००९ या काळात पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचा प्रमुख होता. १९८७मध्ये सुरू झालेल्या या केंद्राने नाटक, संगीत आणि नृत्य यांचे पदवी-पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाच्या आवारात आणले. तिथे शिकायला येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जण आधी पुरुषोत्तमच्या तालमीतून गेलेले असत. मुक्ता बर्वे हे त्यांतलेच एक नाव.

मोहन आगाशे यांची वाट मला सगळ्यांत विलक्षण वाटते, कारण ती मोठ्यांकडून लहानांकडे जाते. बर्लिनमध्ये फोल्कर लुडविग यांनी ‘ग्रिप्स’ नावाचे मुलांचे नाट्यगृह उभे केले होते. त्यात राजा-राणी नाही, चेटकीण नाही. मुलांच्या घरातले, शाळेतले, रस्त्यावरचे प्रश्न, आणि मुलांची कामे करणारे मोठे नट. मॅक्सम्युलर भवनाच्या साहाय्याने आगाशे यांनी ही चळवळ पुण्यात आणली. १९८६ साली श्रीरंग गोडबोले यांनी रूपांतर केलेले ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ रंगमंचावर आले. ते बघताना पहिल्यांदा असे झाले की आईबाप गप्प बसले होते आणि मुले मोठ्याने उत्तरे देत होती.

मराठी बालरंगभूमी अर्थात त्याआधीची. सुधा करमरकर अमेरिकेत मुलांचे नाटक पाहून-शिकून आल्या आणि १९५९ साली मुंबईत त्यांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केले. पहिले नाटक रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’, आणि त्यातली चेटकीण स्वतः सुधाताई. तोवर मुलांची नाटके म्हणजे शाळेच्या संमेलनातली बोधकथा. त्यांनी मुलांसाठी पूर्ण तयारीचे, तिकीट लावून होणारे, रंगीत, जादूभरले नाटक केले. मतकरींनी पुढे १९६२मध्ये स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था काढली. ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही नाटके तिथली. आयुष्याच्या उत्तरार्धात ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांना त्यांनी स्वतःच्याच आयुष्यातल्या गोष्टींवर नाटिका करायला लावले. पुण्यात सई परांजपे यांनी गोपीनाथ तळवलकर आणि अरुण जोगळेकर यांच्या सोबतीने मुलांचे नाट्यगृह चालवले. ‘पत्तेनगरीत’ हे त्यांचे नाटक अजून शाळांतून होते.

हे सगळे कलोपासकच्या इतिहासात कशाला, असे कुणी विचारील. कारण सात वर्षांच्या मुलीने रविवारी सकाळी आजीचा हात धरून पाहिलेले नाटक आणि एकोणिसाव्या वर्षी तिने भरतवर केलेली एकांकिका या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पुण्या-मुंबईच्या मुलांना मधले सगळे टप्पे मिळत गेले. बालनाट्य, उन्हाळी शिबिर, आंतरशालेय स्पर्धा, मग पुरुषोत्तम. आमच्यासारख्यांना मधले टप्पे मिळाले नाहीत. आम्ही खंब स्वांगावरून थेट भरतच्या मंचावर आलो. म्हणून आम्हांला सगळे तिथेच, त्या तीन महिन्यांत शिकावे लागले. ती घाई आजही बाहेरगावहून आलेल्या मुलांच्या अंगात मला दिसते. ती मुले तालमीला सगळ्यांच्या आधी येतात.

स्पर्धा वाढली तशी तिची रूपे वाढली. सांघिक पहिल्या क्रमांकाच्या पुरुषोत्तम करंडकाबरोबर हरी विनायक करंडक आणि संजीव करंडक हे पुढच्या क्रमांकांचे मान ठरले. वेगळी वाट चोखाळणाऱ्या एकांकिकेसाठी अभिनेते जयराम हर्डीकर यांच्या नावाचा करंडक आला. हा शेवटचा मला फार मोलाचा वाटतो. त्याने मुलांना सांगितले की जिंकण्यासारखी एकांकिका करणे आणि आजवर कुणी न केलेली एकांकिका करणे या दोन्ही गोष्टींना इथे जागा आहे. अलीकडच्या वर्षांत पुण्याच्या प्राथमिक फेरीत ५१ संघ उतरतात आणि त्यांतले ९ अंतिम फेरीत जातात. रोज संध्याकाळी काही एकांकिका, सुटीच्या दिवशी जास्त. परीक्षक तेच, प्रेक्षकांतले निम्मे चेहरे तेच, आणि गेल्या महिन्यात मिसरूड फुटलेला दिग्दर्शक विंगेत घामाघूम. पुढे कोल्हापूर, रत्नागिरी, औरंगाबाद, अमरावती अशा ठिकाणीही केंद्रे झाली. पुण्यातल्या मुलांना त्यामुळे पहिल्यांदा कळले की आपल्यापेक्षा वेगळे आणि अनेकदा आपल्यापेक्षा थेट बोलणारे नाटक शेकडो किलोमीटरवर चालू आहे.

नव्या शतकात या मुलांनी पदवी घेतल्यावरही नाटक सोडायचे नाही असे ठरवले. मोहित टाकळकर आणि मित्रांनी २००३ साली ‘आसक्त’ काढली. बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयातून एकत्र आलेल्या निपुण धर्माधिकारी, अमेय वाघ, आलोक राजवाडे आदी तरुणांनी २००८मध्ये ‘नाटक कंपनी’ सुरू केली. ज्या गटाने तालमीत एकमेकांच्या चुका सांगण्याची सवय लावून घेतली होती, तोच गट संस्था झाला. पूर्वी ‘घाशीराम’च्या पिढीचेही असेच झाले होते.

दोष नव्हते असे नाही, आणि अशा लेखात ते लिहू नयेत असे मला वाटत नाही. काही वर्षे ‘पुरुषोत्तम छाप’ नावाची एक जात तयार झाली. शेवटच्या पाच मिनिटांत धक्का, एखादा मृत्यू, कोसळलेला प्रकाश आणि त्यावर टाळ्या. संघ मागल्या वर्षीच्या विजेत्या एकांकिकेची चाल उचलू लागले. नेपथ्याला गुण नाहीत हे माहीत असूनही ट्रक भरून लेव्हल्स येऊ लागल्या. आरोळीचा जोर एकांकिकेच्या जोरापेक्षा वाढला. हरलेल्या संघांत भांडणे झाली, मैत्र्या तुटल्या. स्पर्धेची ही बाजू मुलांना दुखावते, हे मी शिक्षिका म्हणून पुढे जवळून पाहिले आहे.

करोनाच्या काळात खंड पडला. वर्षभराचा खंड दुसऱ्या कुठल्या संस्थेला चालतो, इथे नाही. महाविद्यालयातली मुले तीन-चार वर्षांत निघून जातात, आणि एक पावसाळा कोरडा गेला की शिकवणारा वर्ग बाहेर आणि शिकणारा वर्ग अनोळखी अशी स्थिती होते. २०२२ साली परीक्षकांनी एकाही एकांकिकेला पुरुषोत्तम करंडकाच्या तोलाची मानले नाही. करंडक कुणालाच दिला गेला नाही, आणि स्पर्धेच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडले. भरतमध्ये त्या दिवशी शुकशुकाट झाला असणार. खूप चर्चा झाली, दोन्ही बाजूंनी लिहिले गेले. मी परीक्षकांच्या बाजूची आहे. करंडकाला किंमत आहे ती त्याच्या मापामुळे, आणि ते माप सैल केले तर १९६३पासून ज्यांनी तो उचलला त्यांच्यावरही अन्याय होतो. पण त्या वर्षीच्या मुलांचे दुःखही मला कळते. मधल्या वर्षांत त्यांना शिकवणारेच हरवले होते. तुटलेली साखळी जोडण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले, आणि ते त्यांनी करंडकाशिवाय केले.

आज नाटक शिकण्याच्या वाटा अनेक आहेत. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९पासून आहे. तिथे १९८९ साली मुलांसाठी आणि शाळांसाठी काम करणारी ‘संस्कार रंग टोळी’ सुरू झाली. मुंबई विद्यापीठात वामन केंद्रे यांच्या नेतृत्वाखाली २००३मध्ये नाट्यकलेची अकादमी उघडली. आमच्या मध्य प्रदेशात भोपाळला २०११पासून नाट्यविद्यालय आहे. त्याआधी भारत भवनच्या रंगमंडळाला ब. व. कारंतांनी घडवले होते. तिथली भाषा हिंदी, आणि तिचे बुंदेली, माळवी, निमाडी असे प्रकार. तिथे शिकून आलेली मुले आमच्या भागात येतात तेव्हा चांगले काम करतात. सीमेवरच्या मराठी मुलाचा प्रश्न मात्र उरतोच. हिंदी नाट्यशाळेत त्याची मराठी बाहेर राहते आणि मराठी स्पर्धेत त्याचे महाविद्यालय राज्याच्या सीमेपलीकडे पडते. बुऱ्हाणपूरच्या महाविद्यालयातल्या मुलांनी एकदा तरी भरतवर उभे राहावे ही माझी जुनी इच्छा आहे. कलोपासकच्या मंडळींनी तिचा विचार करावा, असे या लेखाच्या निमित्ताने विनवते.

निवृत्तीनंतर मी दर उन्हाळ्यात तुकईथडला जाते. घराचा ओटा लांब आहे आणि त्याच्या मधोमध लाकडी खांब आहे. गेल्या मे महिन्यात गल्लीतली आणि पलीकडल्या कोरकू वस्तीतली मिळून तेरा मुले संध्याकाळी जमत. मी त्यांना पुरुषोत्तमचाच नियम सांगितला : काही आणायचे नाही, फक्त आपण. खडूने चौकोन आखायला गेले तर मुलांनी मला थांबवले. त्यांना खांबाभोवतीच करायचे होते. एक नऊ वर्षांची मुलगी विहिरीवर एकटीच गेलेल्या आजीचे काम करत होती. अर्धी वाक्ये मराठीत, अर्धी कोरकूत. आठव्या दिवशी, तालीम ऐन रंगात असताना वीज गेली. मी कंदील आणायला आत गेले. काड्यापेटी सापडेना. बाहेर मुले थांबली असतील असे वाटले, पण आजी विहिरीतल्या पाण्याला विचारत होती, तुझे डोये कुठे आहेत म्हणून, आणि ते माजघरात मला स्पष्ट ऐकू येत होते.